अंगठा कुणाचा?

सोलापुरात विडी कामगार बायकांचा मोर्चा निघाला आणि गर्दीत कारखान्याच्या कचेरीची काच फुटली. पोलिसांनी बारा जणींना गाडीत कोंबून ठाण्यात आणलं. इन्स्पेक्टर दाभाड्यांकडे अंगठा ओळखणारं नवं मशीन होतं, आणि ते आल्यापासून साहेबांनी चौकशी करणंच सोडलं होतं. मशीनने काचेवरचा ठसा नरसूबाई येमूलचा ठरवला. ती तर त्या काचेजवळ फिरकलीही नव्हती.

“मशीन चुकत नाही, मावशी. सरकारी आहे,” साहेब म्हणाले.

नरसूबाईने आवाज पडू दिला नाही. “मग जबाबात हेही लिहा, साहेब. रेशन दुकानातलं मशीन दोन वर्षं म्हणतंय, हा अंगठा माझा नाही. विड्या वळून रेषा झिजल्यात म्हणे. तेही सरकारीच. दोघांतलं खोटारडं कुठलं, ते कोर्टात ठरू द्या.”

साहेबांचं पेन थांबलं. “आमचंही तेच लिहा,” म्हणत बाकीच्या अकरा जणींनी अंगठे पुढे केले.

साहेबांनी मशीन बंद केलं. “जा घरी सगळ्या.”

नरसूबाई बाकावरून हलली नाही. “अंगठा माझाच आहे, एवढं लिहून द्या, मग जाते. रेशनवाल्याला दाखवायचंय.”