हलवायाची सगुणा आणि डोंगरावरची शेळी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा प्राणी बोलायचे आणि माणसं त्यांचं ऐकूनही घ्यायची.

एका डोंगराच्या पायथ्याशी हलवायांची आळी होती. तिथल्या पेढ्यांचं नाव पार राजवाड्यापर्यंत पोचलेलं. पण गंमत बघा, त्या आळीत एकाही घरी भाकरी थापली जात नसे. चुलींवर कायम कढया चढवलेल्या. मग पोरांनी खायचं काय? तर फुटलेले लाडू, मोडक्या जिलब्या आणि काल न खपलेली बर्फी. "टाकून कशाला द्यायचं?" असं म्हणत मोठी माणसं मुलांचे डबे भरत, आणि मुलंही खुशीत शाळेला जात.

त्या गावच्या जत्रेची एक रीत होती. शाळेतल्या एका मुलाने पेटती मशाल घेऊन, वाटेत कुठेही न बसता डोंगर चढायचा आणि वरची दीपमाळ लावायची. त्या वर्षी हा मान थोरल्या हलवायाच्या लेकीला, सगुणाला मिळाला. पोरगी आनंदाने नुसती नाचत होती.

पण सरावाला निघाली आणि पहिल्याच वळणावर तिला धाप लागली. पाय भरून आले. ती मटकन खाली बसली.

सोबत आलेले शाळेतले गुरुजी हळूच म्हणाले, "बाळ, जत्रेपर्यंत जमलं नाही, तर मशाल दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल हो."

गुरुजी पाठमोरे झाले आणि सगुणाला रडूच कोसळलं. तेवढ्यात वरच्या कड्यावरून एक शेळी टणाटण उड्या मारत खाली आली.

"काय गं, इतक्यात दमलीस?"

"तू कशी दमत नाहीस?" सगुणाने नाक पुसत विचारलं.

"दिवसभर हुंदडते, आणि भूक लागली की ताजा पाला खाते, शेंगा खाते. तू काय खातेस?"

"काल दुकानात उरलेलं."

शेळीला हसू आवरेना. "अगं, मी शेळी असून ताजं खाते, आणि तू एवढ्या मोठ्या हलवायाची लेक असून उरलंसुरलं खातेस?"

सगुणा तडक घरी गेली. "बाबा, गिऱ्हाइकाला तुम्ही कालचं देता?"

"छे गं. दुकानाची अब्रू जाईल."

"मग मला का देता?"

हलवायाने हातातला झारा खाली ठेवला. त्याला फार वाईट वाटलं. त्याने कढई उतरवली आणि चुलीवर तवा ठेवला. पहिली भाकरी तीन ठिकाणी फाटली, पण सगुणाने ती मुगाच्या उसळीशी आणि दह्याशी मिटक्या मारत खाल्ली. पुढे पालेभाजी आली, फळं आली. शाळा सुटली की सगुणा शेळीमागे डोंगरावर पळू लागली. तिचं बघून आळीतली पोरंही पळू लागली, आणि घरोघरी भाकऱ्या थापल्या जाऊ लागल्या.

जत्रेच्या संध्याकाळी सगुणा मशाल घेऊन निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि बघता बघता वरची दीपमाळ उजळली. खाली उभ्या हलवायाचे डोळे भरून आले.

ती उतरून आली तेव्हा त्याने तिच्या हातावर एक पेढा ठेवला. सगुणाने तो आधी नाकाशी नेला.

"ताजाच आहे गं बाई," हलवाई म्हणाला, आणि बापलेक पोटभर हसले.

तात्पर्य: मुलांच्या ताटात उरलंसुरलं गोडधोड नको, ताजं सकस अन्न हवं आणि पायांना रोजचं खेळणं हवं, तरच अंगात बळ येतं.