आंब गेलेला कोपरा

एका गावात, ओढ्याच्या काठाला, तीन माणसं राहायची. ठकूबाई म्हातारी, तिचा लेक म्हादू आणि म्हादूची बायको गोजरा. काळ्या रानाचा एकच तुकडा, त्यात हरभरा. तो पिकला तर वर्षाचं खाणं आणि पुढचं बी. नाही पिकला तर कुठं जायचं, हे तिघांनाही ठाऊक नव्हतं.

हरभऱ्याच्या पानावर आंबट खार असतो, तो दवात विरघळतो. म्हातारी संध्याकाळी पिकावर धुतलेली धडुती पसरायची आणि उजाडताना पिळायची. तीच आंब. गावात कुणाचं पोट दुखलं की चमचाभर आंब ठकूबाईच्या बरणीतून जायची. पिळली की पहिला थेंब ती स्वतः जिभेवर घ्यायची. चाळीस वर्षं घेत आली होती.

त्या साली पीक दाट होतं, फुलावर आलं होतं. एके सकाळी थेंब जिभेवर ठेवून म्हातारी थांबली.

"म्हादू, ओढ्याकडच्या कोपऱ्याची आंब पाणचट लागते रे. झाडाला आतून काही लागलंय. तेवढा कोपरा उपटून टाक."

"फुलावरचं पीक उपटू? पोटुशी बाई घराबाहेर काढल्यागत होईल ते. आई, तुझी जीभ म्हातारी झाली. काल कालवणात मीठ नाही म्हणालीस, मला तर खारट लागलं."

"मिठाची जीभ गेली असेल. आंबटाची नाही गेली."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मायलेक भांडायचे आणि मधे गोजरा. सासूकडून बोललं तर नवरा फुगायचा, नवऱ्याकडून बोललं तर सासू जेवायची नाही. दळण, पाणी, खुरपणी, आणि वर हे ऐकणं. बाई थकून गेली.

चौथ्या दिवशी म्हातारीचे गुडघे धरले, म्हणून धडुती पिळायला गोजरा एकटी गेली. कोपऱ्याची आंब चाखली. खरंच, नुसतं पाणी. हे सांगायचं म्हणजे आज पुन्हा भांडण. तिनं शेताच्या मधली आंब पिळली आणि कोपऱ्याची म्हणून सासूपुढं केली.

म्हातारीनं थेंब घेतला. जिभेवर घोळवला.

"आंबट आहे," ती म्हणाली. "म्हादू म्हणतो तेच खरं. आता तूच चाखत जा, बाई. माझ्या सांगण्यात काही राहिलं नाही."

त्या दिवशी तिघं एका जागी बसून जेवली. भांडण नाही, आवाज नाही. गोजराला वाटलं, चला, एक दिवस तरी सुटला.

असे चार दिवस गेले. पाचव्या सकाळी बघते तर कोपऱ्यापासून सात ओळी आत आंब पाणचट. अजून आत गेली असती तर आंबट मिळाली असती. पण गोजरा बांधावरच बसली. रोज असं मागं सरायचं तर शेवटी आपला उंबराच लागेल, हे तिला दिसलं.

ती घरी आली. "आत्याबाई, तुमची जीभ गेली नाही. मी मधली आंब आणून दाखवली तुम्हाला. मला भांडण नको होतं."

म्हादू उसळला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं?"

म्हातारी भिंतीला धरून उठली. "उगी दोघंही. चला शेतात."

शेतात म्हादूनं मधलं पान चाटलं, दात आंबले. कोपऱ्याचं चाटलं, गवतागत लागलं. त्यानं एक झाड उपटून मूळ नखानं चिरलं. वरून धड, आत काळी रेघ.

"बुरशी मुळातून शिरते," म्हातारी म्हणाली. "तिला आंबट सोसत नाही. म्हणून आधी झाडाची आंब मोडते, मग झाड. पान हिरवं असतं तोवर फक्त जिभेला कळतं."

तिघांनी दिवसभर उपटलं, फुलांसकट. कोपरा, त्या सात ओळी, आणि वर दोन धड ओळी. सगळं तिथंच जाळलं.

"मी त्याच दिवशी बोलले असते तर नुसता कोपराच गेला असता," गोजरा म्हणाली.

"मी पहिल्या दिवशी ऐकलं असतं तर निम्माच," म्हादू म्हणाला.

त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगितलं. लोक म्हणाले, "म्हातारीच्या जिभेवर पीक उपटायचं होय?" पंधरा दिवसांत ओढ्याकाठचा सगळा हरभरा उभ्या उभ्या वाळला. ठकूबाईचं उरलेलं शेत तेवढं घाट्यांनी भरलं.

पुढच्या साली गावाला बी त्याच घरातून गेलं. फुलं दिसू लागली की लोक म्हातारीला गाडीत बसवून शेतोशेत न्यायचे आणि पहिला थेंब तिच्या जिभेवर ठेवायचे. शेजारी गोजरा बसायची, चव शिकायला. त्या घरची कणगी पुन्हा रिकामी झाली नाही.

तात्पर्य: कितीही दमलो तरी खरं त्याच दिवशी बोलावं, भांडण नको म्हणून झाकलेलं दुखणं आतल्या आत ओळी ओलांडत राहतं.