पाण्याची पाळी आणि पडद्यावरचा आकडा

पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण गुलाब शिकलगारसमोर मी आजही मान झुकवतो. गुलाब आमच्या नगरपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी.

नगराध्यक्ष धैर्यशीलरावांनी कारभाराबद्दल लोकांचं मत घ्यायला मोबाइल अ‍ॅप काढलं होतं. ते तपासायला जिल्ह्याहून कोरडेबाई आल्या. त्यांनी पसंती दिली की वॉर्डसभा कायमच्या बंद होणार होत्या.

सभागृह भरलं होतं. पडद्यावर 'समाधानी' मतांचा आकडा सारखा चढत होता.

"बघा बाई, आत्ता या क्षणी गाव घराघरांतून बोलतंय," धैर्यशीलराव म्हणाले.

गुलाब मागून उठला. "साहेब, चार दिवसांनी आज पाण्याची पाळी आहे. सोडून येऊ?"

"जा, जा."

गुलाबने व्हॉल्व्ह फिरवला. पाणी आलं, असं कोणीतरी म्हटलं आणि सभागृह रिकामं झालं. शिपाईसुद्धा घराकडे पळाला. धैर्यशीलराव, कोरडेबाई आणि इतिवृत्त लिहायचं म्हणून मी, एवढेच उरलो. खिडकीतून पाहिलं, तर दारोदार हंडे, बादल्या, पाइप. गावात कोणाचा हात मोकळा नव्हता.

गुलाब ओल्या हातांनी परत आला. कोरडेबाई एकदा खिडकीकडे, एकदा पडद्याकडे पाहत होत्या. आकडा त्याच वेगाने चढत होता.

"साहेब, गाव तर नळावर आहे," गुलाब अदबीने म्हणाला. "मग हे कोण बोलतंय?"