चाळीस बदाम

एका तालमीत एकदा एक विचित्र प्रकार सुरू झाला. पहाटे पैलवान लाल मातीत उतरले की वृद्ध वस्ताद आखाड्याकडे पाठ करून मागच्या संडासासमोरच्या दगडावर जाऊन बसत. मांडीवर भिजवलेल्या बदामांची वाटी असे. आत त्यांचा सर्वांत लाडका पठ्ठा, आणि बाहेर वस्ताद शांतपणे एकेक बदाम सोलत.

पठ्ठ्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. जत्रेच्या मैदानात त्याची मानाची कुस्ती ठरली होती. तिची त्याने तीन वर्षं वाट पाहिली होती, म्हणून तर खुराक चढवला होता. दूध, तूप, बदाम, मटण, अंडी भरपूर, भाकरी अर्धीच. ताटातली मेथी बाजूला सारत तो म्हणे, "पाला शेळीनं खावा." सगळी तालीम हसे. वस्ताद तेवढे हसत नसत.

तिसऱ्या दिवशी तो घामाघूम होऊन बाहेर आला, तेव्हा वस्तादांनी वाटी पुढे केली.

"चाळीस. तू आत गेल्यापास्नं एवढं सोलून झालं."

"वस्ताद, चेष्टा करता व्हय?"

"आजपास्नं बदाम बंद, दूध-तूप निम्मं. दोन्ही वेळा पोटभर भाकरी, पालेभाजी, मूग, पेरू आन् तांब्यानं पाणी. ऐकलंस तर कुस्ती, न्हाईतर मी जोड मोडणार."

"महिन्यावर मैदान आलंय, आन् बदाम बंद? मग ताकद कुठनं आणू?" पठ्ठ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

वस्तादांनी सदरा वर केला आणि धोतराची कड किंचित खाली सारली. जांघेजवळ टाक्यांचा जुना व्रण होता.

"माझी बी कुस्ती ठरली हुती. मला बी पाला नको असायचा. रोज सकाळी श्वास कोंडून कुथत बसायचो. जोर मारताना श्वास सोडायला मी तुला शिकवलं, पर आत बसून तू जे जोर काढतोस ते कोण मोजतं? पोटाची भिंत मोजती. जिथं ती कच्ची, तिथनं आतडं बाहेर डोकावतं. त्याला अंतर्गळ म्हणत्यात. भाजी खाल्ली म्हंजी त्यो होतच न्हाई, असं न्हाई. कुणाची भिंत जन्माचीच कच्ची असती. पर आपणच रोज तिला धक्के कशाला द्यायचे? खुराक पोटात गेला म्हंजी झालं न्हाई, पोरा. त्यो सुखानं बाहेर बी गेला पायजे."

पठ्ठा त्या व्रणाकडे पाहत राहिला. दहा वर्षं तो या माणसाच्या पाया पडत आला होता. वस्तादांनी कुस्ती का सोडली, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली. त्या दुपारी त्याने मेथीची भाजी दोनदा मागून घेतली.

जत्रेचा दिवस उजाडला. वस्ताद त्याच दगडावर बसले. एक बदाम सोलून झाला, दुसरा झाला. तिसऱ्याची साल अर्धी निघाली, तोच दार उघडलं. पठ्ठा हात धुऊन हसतमुखाने समोर उभा राहिला.

वस्तादांनी तो बदाम सावकाश पुरता सोलला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात घातला.

"खा आता," ते म्हणाले, "आता अंगी लागंल."