अण्णाच्या चार ओळी

"बाबा, त्या चार ओळींत काय होतं?"

गावात सगळ्यांना विचारून झालं होतं. उत्तर कोणी दिलं नाही. म्हणून डोंगरावरच्या दर्ग्यात अमीनबाबांकडे आलो. बाबा फाटकी गोधडी शिवत होते.

"कसल्या ओळी?"

"अण्णाच्या. माझ्या थोरल्या भावाच्या. 'भडका' साप्ताहिक त्याचंच. मी तिथं छपाईची अक्षरं जुळवतो."

"ठाऊक आहे. रद्दी गोळा करणारा पोरगा छापखान्याचा मालक झाला... माझ्याबद्दलही छापलं होतं त्यानं. गांजा ओढतो म्हणून."

"ओढता?"

"खोकला येतो रे."

मला हसू आलं नाही.

"रेशनचा काळाबाजार त्यानंच उघडा पाडला, बाबा. गरिबाच्या घरात धान्य गेलं."

"आणि सुलभा नर्स?"

अण्णानं तिचं खोटं लफडं छापलं. तिनं विहिरीत उडी घेतली.

"बोल."

"मरायच्या आदल्या दिवशी अण्णानं दहा वर्षांनी छपाईचे खिळे, शिशाची अक्षरं, हातात घेतले. स्वतः चार ओळी जुळवल्या. म्हणाला, उद्या पहिल्या पानावर घे. सकाळी गेला... तिसऱ्या दिवशी मी सवयीनं ते खिळे सुटे करून अक्षरांच्या खणांत टाकले. कागदावर छाप न काढता. न वाचता."

"न वाचता?"

"त्यानंच शिकवलंय. माझी शाळा दुसरीपर्यंत. म्हणायचा, अक्षर बघ, शब्द वाचू नकोस, वाचलं की हात थांबतो."

"सुलभाचं नाव कोणी जुळवलं होतं?"

मी गोधडीचा एक सुटा दोरा ओढत बसलो.

"कोणी?"

"मी."

बाबांची सुई थांबली.

"लोक काय म्हणतात, त्या ओळींबद्दल?"

"अण्णाचे मित्र म्हणतात, माफी मागितली असेल. बाकीचे म्हणतात, आणखी कुणाची तरी अब्रू काढली असेल."

"आणि तू?"

"माफीच! माफीच असणार!" मी ओरडलो. "पण मला माहीत नाही, बाबा. आता कधीच कळणार नाही..."

बाबांनी सुईत नवा दोरा ओवला.

"मीच छापतो माफी," मी म्हणालो. "अण्णाच्या नावानं. पहिल्या पानावर, मोठ्या टायपात."

"कुणासाठी?"

"सुलभाच्या आईसाठी."

"तिला वाचता येतं?"

"नाही."

बाबा उठले. माझ्या चपला त्यांनी स्वतःच्या हातानं उचलल्या. मी "अहो, बाबा!" म्हणत धावलो. त्यांनी त्या पायरीखाली ठेवल्या, सुलभाच्या आईच्या वस्तीकडे तोंड करून.

"ऊन उतरायच्या आत पोचशील."