कल्हई उडालेलं पातेलं

भांडी बोलायची आणि माणसं ऐकायची, तेव्हाची गोष्ट. आवळीभोजनाला निघालेलं पितळी पातेलं बाहेरून लखलखत होतं. आतली कल्हई उडालीय, हे मात्र फक्त त्यालाच ठाऊक होतं.

आवळीखाली पोरं जेवायला बसली. यमुनाकाकूंनी मठ्ठ्याचं मडकं उचललं. "काय देखणं पातेलं! मठ्ठा यातूनच वाढते."

असा मान पातेल्याला कधी मिळाला नव्हता. तरी ते ओरडलंच, "काकू, थांबा! माझ्यात मठ्ठा कळकेल. पोरांना बाधेल!"

काकूंनी मठ्ठा मडक्यातूनच पळसाच्या द्रोणांत वाढला. पातेलं शेंगांची टरफलं सांभाळत बसलं.

परतताना काकूंनी त्यालाच कडेवर घेतलं. "चल, आधी कल्हईवाल्याकडे. पुढच्या आवळीला मठ्ठा तुझ्यातच. आतलं खरं सांगणारं भांडं मी मोडीत घालीन होय?"