एका काठीची शर्यत

"इंजिन सात लिटरचं घेऊ की साडेआठचं? एवढंच सांगा, वस्ताद. बाकी सगळं मला कळतं."

वस्ताद बाबालाल जमादार चहा पीत होते. कोल्हापूरबाहेरच्या माळावर, विमानं यायची कधीच बंद झालेल्या धावपट्टीच्या कडेला, खुर्ची टाकून. ड्रॅग रेसिंगमध्ये ऐन उमेदीत त्यांना कुणी हरवलं नव्हतं. हे ते स्वतःच सांगत, आणि खोडून काढायला कुणी पुढं येत नसे.

खेळ साधा. दोन गाड्या, सरळ पाव मैल, आधी पोचेल तो जिंकला.

"बाकी सगळं कळतं..." वस्ताद म्हणाले. "मग हरतोस कसा?"

तेजसिंह निंबाळकर तीन वर्षं अंतिम फेरीत हरत होता. दरवेळी पुण्याच्या त्याच गाडीकडून. यंदाही हरलो तर गाडी मोडीत काढून वडिलांच्या सिमेंटच्या दुकानात बसेन, असा शब्द तो घरी देऊन आला होता. शर्यत महिन्यावर होती.

"माझं सहा लिटरचं आहे. जोर कमी पडतो."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

सगळे म्हणजे इंजिन विकणारे. आणि त्यांच्या जाहिराती बातमी म्हणून छापणारे. आकडा मोठा तर मर्द मोठा, हे या लोकांनी इतक्या पोरांच्या डोक्यात भरलंय, की हरलेला पोरगा आधी आकडाच बदलायला धावतो.

"पुण्याची गाडी शेवटी कुठं असते?"

"माझ्या पुढं."

"आणि मध्यात?"

"मध्यातही पुढंच."

"आणि सुरुवातीला?"

"तेव्हा दोघंही रेषेवर."

वस्तादांनी कप खाली ठेवला. "गाडी लाव रेषेवर. आपण दोघं एक शर्यत लावू."

"तुमची गाडी कुठाय?"

"मी चालत येतो."

तेजसिंह हसला. "वस्ताद, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं."

"म्हणून तर लांबची लावत न्हाई."

त्यांनी हातातली काठी जमिनीवर ठेवली. एक टोक रेषेला टेकलेलं, दुसरं पुढं. "ह्या टोकापतूर. इंजिनात जेवढा जोर हाय तेवढा सगळा लाव. माझी गय करू नगंस."

मग ते काठीशिवाय, लंगडत, पलीकडच्या पट्ट्यात जाऊन उभे राहिले. सुरुवातीची हाकही त्यांनीच दिली.

"चल."

तेजसिंहनं पाय खाली दाबला. माळ दणाणला. मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरली, पांढरा धूर उठला, गाडीचं बूड डावीकडं सरकलं. सगळा जोर धुरात गेला; नाक होतं तिथंच.

वस्तादांनी एक पाऊल टाकलं. मग, सावकाश, दुसरं.

तेजसिंहनं पाय उचलला. गाडी मागं घेतली. "परत."

"परत," वस्ताद म्हणाले आणि लंगडत पुन्हा रेषेवर आले.

परत तोच दणका. तोच धूर. धूर विरला तेव्हा वस्ताद काठीच्या टोकाच्या पुढं, कमरेवर हात ठेवून उभे होते.

तेजसिंह खाली उतरला. जळक्या रबराचा वास सुटला होता.

"टायर थंड होते."

"आसतील."

"पट्टीवर धूळ आहे, वस्ताद."

"माझ्या पायाखालीबी हाय."

तेजसिंहनं मागच्या चाकावर हात ठेवला. चटका बसला तसा काढून घेतला.

"म्हणजे मोठं घेऊ नको म्हणता?"

वस्तादांनी वाकून काठी उचलली. शर्टाच्या टोकानं धूळ पुसली.

"घे की. साडेआठचंच घे," ते म्हणाले. "मग आपण दोन काठ्यांची लावू."